नव्या तांदळाचं पोतं

जुना तांदूळ महाग आणि नवा स्वस्त, हे मी हमाली करत होतो तेव्हाच शिकलो. जुना मोकळा शिजतो, म्हणून त्याला मान. इथे आखातात रुसैलच्या कोरियन मेसमधल्या स्वयंपाकीण बाईंनी गेल्या वर्षी सणासाठी चांगला तांदूळ मागितला, तेव्हा गाला भागातल्या माझ्या गोदामातला दोन वर्षं मुरलेला माल मी स्वतः निवडून पाठवला. त्यांनी तो ड्रायव्हर-हमालांसमोर परत केला. "ओल्ड. नो गुड. खलास."

माल परत येतो, धंद्यात ते चालतं. पण चारचौघांत?

मेसचा स्टोअरकीपर वसईचा. फोनवर मी त्यालाच झापलं. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, चुसोक हा त्यांचा सुगीचा सण. कबरींवरचं गवत कापायचं, नव्या तांदळाची पहिली वाटी वाडवडिलांपुढे ठेवायची, मग आपण खायचं. त्याच तांदळाच्या पिठाच्या करंजीएवढ्या वड्या पाइनच्या पानांवर वाफवतात. तुमच्या तांदळाच्या करून पाहिल्या, सगळ्या चिरल्या. आणि तुम्ही कोकणातले ना? नवान्न आम्ही शिकवायचं तुम्हाला?"

आश्विनी पौर्णिमेला दाराला भाताच्या लोंब्या बांधणाऱ्या घरातला मी. फोन खाली ठेवला. राग मात्र खाली ठेवला नाही.

यंदा त्यांच्याकडे अधिक महिना पडला आणि चुसोकची पौर्णिमा नेमकी आमच्या नवान्नाला आली. मी गावी चुलतभावाला लवकर पिकणाऱ्या भातासाठी फोन केला.

"हळवं भात कापलंस?"

"कापलं. ओलं आहे अजून."

"सुकव, गिरणीत घाल आणि विमानाने पाठव."

"दादा, विमानाच्या भाड्यात इथे पाच पोती येतील."

"येऊ देत."

पोतं मी स्वतः घेऊन गेलो आणि मेसच्या दारात अट घातली: गेल्या वर्षी होते ते सगळे जमल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. स्टोअरकीपर हसत म्हणाला, "पोत्याचं ना शेठ? तुमचं तर उघडंच आहे." पण त्याने सगळ्यांना बोलावलं.

बाईंनी मूठभर तांदूळ हुंगला, एक दाणा दातांनी फोडला. "न्यू."

"जोरात सांगा."

"न्यू," त्या हमालांकडे बघून म्हणाल्या. मग त्यांनी स्टोअरकीपरला काही सांगितलं. त्याने मला समजावलं, "फार पूर्वी एका राजाने बायकांचे दोन गट करून महिनाभर विणायला बसवलं होतं म्हणे. पौर्णिमेला हरलेल्यांनी जिंकलेल्यांना जेवू घातलं. सणाची सुरुवात तिथली. बाई म्हणतात, आज त्या हरल्या, तुम्ही जेवून जा."

"आधी वर्षभराचा तांदूळ माझ्याकडून घेणार, हे सांगा."

बाईंनी तांदूळ धुतला, शिजवला, पहिली वाटी वडिलांच्या फोटोपुढे ठेवून दोनदा जमिनीला कपाळ टेकलं. तोवर मी उभाच होतो.

"चुसोक, एव्हरी इयर, यू," त्या म्हणाल्या. "ओन्ली न्यू."

"आणि रोजचा?"

"ओन्ली न्यू."

रोजचा जुनाच बरा, हे मी दोन भाषांत पटवून पाहिलं. बाई तसूभर हलल्या नाहीत. शेवटी सणापुरता सौदा ठरला आणि मी पानावर बसलो. रोजच्या तांदळाचा विषय जेवल्यावर पुन्हा काढणार होतोच.