निवडून आल्यानंतरचा रविवार

योकोहामाच्या आमच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या बाई नेहमी माझ्याच बाकावर बसत. साठीच्या असाव्यात. प्रार्थना म्हणताना त्यांचे डोळे मिटलेले असत. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, सगळे रांगेने पुढे जाऊन फादरकडून पावाची पातळ चकती घेत तेव्हा, त्या मात्र जागेवरून उठत नसत. मला वाटलं, बाप्तिस्मा झालेला नसेल, म्हणून प्रसाद घेता येत नसेल. इथे असे बरेच जण येतात.

एकदा उपासनेनंतर चहा घेताना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाप्तिस्मा लहानपणीच झालाय. मी नगरसेविका आहे. इथे कायद्याने गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागते; ती लागू नये, असं मी जाहीरपणे मागते. म्हणून फादरनी प्रसाद बंद केलाय."

"मागणी सोडली तर?"

"एका मुलीला नवरा मारायचा. त्याने संमती दिली नाही, तिने जीव दिला. तिच्या आईबरोबर मी तिच्या अस्थी वेचल्यात. फादर चुकले असं मी म्हणत नाही. पण मागणी सोडवत नाही."

एप्रिलमध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. त्या रविवारी दारात सगळ्यांनी, फादरनीसुद्धा, वाकून त्यांचं अभिनंदन केलं. मग प्रसादाची रांग लागली. मला जाता यावं म्हणून त्यांनी गुडघे बाजूला घेतले. मी परतलो तेव्हा पुन्हा घेतले आणि मान झुकवली. माझ्या तोंडात प्रसाद अजून विरघळायचा होता. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.