बाबांची आठवण

आचोळ्याच्या सदानंदाने आपल्या मानेभोवतीचा फास स्वतःच विणला, तोही एका साध्या शब्दाचा.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. रविवारी सकाळी वसईत पारनाक्याजवळच्या एका चहाच्या दुकानात जुन्या घड्याळांची वेडी माणसं जमायची. नियम एकच: कपाटात जपलेलं घड्याळ आणायचं नाही, रोज कामावर घालतो तेच दाखवायचं. मग ते हातोहात फिरायचं आणि जो तो कानाला लावून टिकटिक ऐकायचा. बेकरीवाल्या इग्नेशियसच्या घड्याळाच्या पट्ट्यात कायम मैदा भरलेला. क्लेमेंटीनबाई शाळेत शिकवायच्या. दिवंगत नवऱ्याचं मोठं घड्याळ त्यांच्या हातावर बांगडीसारखं खालीवर व्हायचं.

सदानंदाचं होतं साधं चावीचं घड्याळ. पहिल्या रविवारी कुणी ढुंकून बघेना, तेव्हा तो म्हणाला, "बाबांची आठवण आहे ही."

आठवण म्हटल्यावर लोक काय समजणार?  इग्नेशियसने घड्याळ दोन्ही हातांनी परत दिलं. "किती वर्षं झाली?"

"झाली की आठेक."

घड्याळ हातावर चढून तेवढी वर्षं झाली होती, हे खरंच. पण समोरचा काय विचारतोय हे न कळायला सदानंद काय कुक्कुलं बाळ होता? नाव विचारलं, तेही सांगून मोकळा झाला: जयराम. आणि जयरामबाबा त्या वेळी घरी खिडकीत बसून वाटाणे सोलत होते! एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला ठणठणीत म्हातारा. मुलाला नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलं होतं. पुढच्या रविवारी खरं सांगून टाकू, असं सदानंद दर रविवारी ठरवायचा. पण लोकांनी दिलेला मान गोड लागला होता, आणि जितके दिवस जात होते तितकी सांगायची शरम वाढत होती.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी बेल वाजली. दार जयरामबाबांनी उघडलं. बाहेर इग्नेशियस, हातात केकचा डबा.

"सदानंद इथेच राहतात ना? आमच्या ख्रिस्ती लोकांत हा मृतांचा महिना. रविवारी त्यांच्या बाबांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, ठेवलीय, जयराम नावाने. ते रोज बाबांची आठवण म्हणून घड्याळ घालतात. म्हटलं, आपणही आठवण काढावी."

सदानंद आतल्या दारापर्यंत आला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. एवढंच म्हणायचं होतं, हेच माझे बाबा. मेली जीभच उचलेना.

म्हाताऱ्याने एकदा मुलाकडे पाहिलं. मग केक घेतला.

"बरं केलंत. मी जयरामचा धाकटा भाऊ. भला माणूस होता तो. या, चहा घ्या."

चहा झाला. जाताना इग्नेशियसने म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन चार सांत्वनाचे शब्द सांगितले. म्हाताऱ्याने ते मान खाली घालून ऐकून घेतले.

दार लागल्यावर सदानंदाने घड्याळ काढून बाबांपुढे धरलं.  "बाबा, मला तुमच्याकडे बघायचीही लाज वाटतेय. हे घ्या परत."

जयरामबाबांनी घड्याळाला चावी दिली, कानाला लावून बघितलं आणि पुन्हा मुलाच्या मनगटावर बांधलं.

"राहू दे रे. गेलेल्या माणसाला वेळ कशाला बघायचीय?"