आठच्या गिनतीसाठी वायफाय

वडिलांनी मला आष्ट्याला मैत्रिणींबरोबर घर भाड्यानं घेऊन राहायची परवानगी दिली, ती एका अटीवर. रोज संध्याकाळी आठ वाजता व्हिडिओ कॉल करायचा, घरातूनच, मागची भिंत दिसेल असा. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी आमचं कवठे महांकाळकडचं घर अजून हुकमावरच चालायचं. या कॉलला ते गिनती म्हणत. पलटणीत संध्याकाळी सगळे जवान जागेवर आहेत ना हे बघतात, तशी. गिनती चुकायला लागली तर सांगलीला आत्याकडे राहायचं आणि रोज एसटीनं आष्ट्याच्या कॉलेजला ये-जा करायची, हेही तेव्हाच ठरलं. आत्या जीव लावणारी आहे, पण तिच्या दोन खोल्यांत खंडीभर माणसं आणि कायम चालू असलेला टीव्ही. तिथं राहून फार्मसीचं शेवटचं वर्ष म्हणजे सगळा आनंदच.

अडचण अशी की आमच्या या भाड्याच्या घरात फोनला रेंजच नव्हती. भिंती जाडजूड दगडी, आणि घर रस्त्यापेक्षा खाली. बोलायचं तर गच्चीवर जावं लागे. अंधारात गच्चीवर उभी राहून फोनवर बोलणारी मुलगी वडिलांना चालणार नव्हती. म्हणजे घरात वायफाय घेणं आलं. बाकीच्या तिघींना ते प्रोजेक्टसाठी आणि मालिकांसाठी हवं होतं, मला आष्ट्यात टिकून राहण्यासाठी.

निवड करायला बसलो तेव्हा श्रावण चालू होता. आमच्यातली एक कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द तिचा. एका मोठ्या कंपनीचा माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि त्यानं स्पीडचे असे आकडे सांगितले की आम्ही चौघी माना डोलवायला लागलो. त्यांची वायर समोरच्या खांबावरून रस्ता ओलांडून थेट आमच्या कठड्याला येणार होती. दुसरा पर्याय मागच्या गल्लीतल्या केबलवाल्याचा. त्याचं स्पीड निम्मं, आणि वायर तीन घरांच्या गच्च्यांवरून आणावी लागणार, म्हणजे तीन घरांची परवानगी काढत फिरायचं. ‘कोण दारोदार हात जोडत फिरणार?’ असं आमची कॉम्प्युटरवाली म्हणाली आणि आम्ही मोठ्या कंपनीचं कनेक्शन घेऊन मोकळ्या झालो.

पुढचे काही महिने फार सुखाचे गेले. आठ वाजले की मी भिंतीला टेकून बसायची. वडील आधी भिंत बघायचे, मग मला. हळूहळू मागून बाकीच्या डोकावायला लागल्या आणि त्यांचीही गिनती सुरू झाली. एखादी दिसली नाही की, “ती चौथी कुठाय?” असं कडक आवाजात विचारायचे आणि ती बिचारी तोंडातला घास तसाच ठेवून धावत यायची.

मग दिवाळी झाली आणि साखर कारखाने सुरू झाले. आमच्या घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या, एकामागं एक, गाणी लावलेल्या, वरपर्यंत चेपून भरलेल्या. पहिल्याच आठवड्यात एका ट्रॉलीनं आमची वायर ओढून नेली. बरोबर गिनतीच्या आधी. मी गच्चीवर जाऊन साधा फोन केला. वडील म्हणाले, “बरं.” कंपनीच्या नंबरवर एक गोड आवाज आमची तक्रार किती महत्त्वाची आहे ते सांगत राहिला आणि जोडणारा माणूस दोन दिवसांनी उगवला. चार दिवसांत वायर पुन्हा गेली. मग पुन्हा.

तिसऱ्या वेळी वडिलांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही.

“दर येळंला तारच कशी तुटती गं? पलटणीत सुट्टीवरनं उशिरा आलेली पोरं बी असंच सांगायची. दर येळंला त्यांची रेल्वेच लेट व्हायची.”

“खरंच तुटलीय हो.”

“रविवारी येतो. बॅग भरून ठेव.”

माझी पाचावर धारण बसली. खोटं बोलले असते तर निदान पकडले गेले असं वाटलं असतं. इथं खरं बोलून जायची वेळ आली होती, त्याचा राग जास्त येत होता. बॅग भरताना मी ट्रॉल्यांना, कंपनीला, कारखान्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आमच्या घरची चूल उसावरच पेटते, हे त्या वेळी मला आठवायचं नव्हतं.

रविवारी सकाळी वडिलांची मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, पण ते आत येईनात. मी दारात जाऊन पाहिलं. ते रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांच्या पायाशी आमची वायर गटारात लोंबत होती आणि समोरून एक ट्रॉली डुलत चालली होती. त्यांनी ट्रॉलीचा माथा बघितला, खांब बघितला, आमचा कठडा बघितला.

“ही तार हितनं आणा म्हणून कुणी सांगितलं?”

“आम्हीच ठरवलं.”

“उसाच्या रस्त्यावरनं? अगं, ऊसवाल्याच्या घरातली ना तू? सीझनात ट्रॉली केवढी उंच भरत्यात ते म्हाईत न्हाई व्हय? चार-चार पोरी कॉलेजात, आन एकीच्याबी डोक्यात आलं न्हाई? लय शानी हायसा!”

माझा जीव भांड्यात पडला. वडिलांनी मला मूर्ख म्हटलं होतं, खोटारडी नाही. एवढा आनंद मला पहिला नंबर आल्यावरही झाला नव्हता. मी मान खाली घालून हसू लपवत उभी राहिले.

शेजारीच राहणाऱ्या आमच्या घरमालकीण चाची आवाज ऐकून बाहेर आल्या. वडिलांनी त्यांना विचारलं, “भाभी, मागनं तार आणता येती का?” चाची म्हणाल्या, “आवं भाऊ, येती की. माणसं आपलीच हायत. चला, मी येते संगं.” दोघं मागच्या गल्लीत गेले, त्यांच्या मागून मी. दोन घरं लगेच हो म्हणाली. तिसऱ्या घरच्या आजींचं म्हणणं, गच्चीवर पापड वाळत घालतात, तिथं डोक्याला लागेल अशी वायर नको. वडील म्हणाले, “डोक्याच्या वरनं नेतो, आज्जी. न्हाई नेली तर तुमीच तोडा.” केबलवाला गल्लीतलाच, तो जेवण करून दुपारी आलाच.

आजींच्या गच्चीवर वायर उंच करायला पाण्याच्या टाकीच्या स्टँडला बांबू उभा करायचं ठरलं. बांबू चाचींनी दिला. वडील खाली गेले आणि माझी बॅग बांधायला आणलेली दोरी मोटारसायकलच्या कॅरिअरवरून काढून घेऊन आले. ती दोरी ते बांबूला गुंडाळायला लागले आणि मी बांबू दोन्ही हातांनी धरून ठेवला. आता मी इथंच राहणार होते.

गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “फोनवर तू दिसली न्हाईस की तुझी आई भाकरी थापायची थांबती. तसंच पीठ धरून बसती.”

हे आईनं मला कधी सांगितलं नव्हतं.

“आणि तुम्ही?”

“मी काय? मी आपला अंगणात फिरतो.” त्यांनी गाठ ओढून बघितली आणि केबलवाल्याला हाक मारली.

त्यांना उजेडात घर गाठायचं होतं, म्हणून चहा घेऊन ते निघाले. स्पीड खरोखरच निम्मं निघालं, कॉम्प्युटरवालीनं ते दोनदा मोजून दाखवलं. मला त्याचं काही नव्हतं. समोर ट्रॉल्यांची गाणी वाजत होती आणि मी आठ वाजायची वाट बघत भिंतीला टेकून बसले होते. फोन आईनं उचलला. पडद्यावर अर्धी आई, अर्धी चूल. तिनं माझ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही.

“दिसलीस, दिसलीस. ठेव आता, भाकरी करपती,” म्हणाली आणि तिनंच फोन बंद केला.