परवानगी लागत नाही

सौदीत, जुबैलला मी ड्रिलिंग कंपनीत होतो, पण रिगवर चढायची वेळ माझ्यावर क्वचितच आली. भोक पाडायच्या आधी ज्या परवानग्या लागतात, त्या मिळवून आणणं हे माझं काम. तेलाची कामं इतरांकडे होती. माझ्याकडे कंपनीचं नवं खातं आलं होतं. जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करता येते का ते पाहायचं, आणि त्यासाठी दक्षिणेकडे, येमेनच्या सीमेलगतच्या डोंगरपट्ट्यात चाचणीच्या बोअर घ्यायच्या. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. आमच्या कोकणात त्यांना उन्हाळं म्हणतात.

एकेका बोअरची वेगळी फाईल असे. खनिजवाले म्हणत, पाणीवाल्यांचं पत्र आणा. पाणीवाले म्हणत, आधी पर्यावरणाचं आणा. बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, साहेब चहा पाजत आणि म्हणत, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. शेवटी गावात जाऊन लोकांना भेटायचं आणि तसा अहवाल जोडायचा. वर्षानुवर्षं मी हेच केलं.

मग सरकारने नियम सोपे करायचं ठरवलं. रियाधला कंपन्यांची बैठक झाली. आमच्या मॅनेजरने मला बरोबर नेलं. तिथला अधिकारी तरुण होता, सरळ बोलणारा. "यातलं काय काढून टाकू?" त्याने विचारलं.

मॅनेजर माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "बोल दो सब. डरना मत."

मी सांगितलं. एकच नकाशा दोन खाती तपासतात, एकाने तपासला तरी पुरे. एकाच पट्ट्यात पाच बोअर घ्यायच्या तर पाच परवाने कशाला? चाचणीची बारीक बोअर आणि विजेची मोठी विहीर यांना एकच नियम का?

"आणि काय ठेवू?"

"गावाची भेट ठेवा," मी म्हटलं. "त्या झऱ्यांत म्हातारी माणसं गुडघे शेकत बसतात. त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं."

त्याने मान डोलावली.

नवे नियम आले ते जवळजवळ मी सांगितले तसेच. अख्ख्या पट्ट्यासाठी एक अर्ज, तोही ऑनलाइन. चाचणीच्या बोअरला परवानगीच लागत नाही, नुसतं कळवायचं. गावाची भेट फक्त मोठ्या विहिरींपुरती उरली. मॅनेजरने मिठाई म्हणून कुनाफा मागवला, सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.

पुढे एचआरने बोलावलं. सौदीकरणाच्या यादीत माझी जागा आली होती. "तसंही आता काम फारसं उरलेलं नाही," एचआरचा माणूस म्हणाला. "जे आहे ते सौदी माणसाकडेच द्यावं लागेल." मी बरं म्हटलं. त्याच्या टेबलावरचा टिश्यूचा डबा त्याने हळूच माझ्याकडे सरकवला होता. मला त्याची गरज पडली नाही. त्यालाच जरा अवघडल्यासारखं झालं असावं.

अल-खोबरच्या घरी सांगितलं, तेव्हा मुलगा इंग्रजीत म्हणाला, "मग फायनल एक्झिट?" म्हणजे कायमचं मायदेशी परतणं. आणि तो पुन्हा अभ्यासाला बसला. बायको बराच वेळ ओटा पुसत राहिली.

"अहो, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"वाटेल," मी म्हटलं.

माझ्या जागी आलेली मुलगी दम्मामची, भूशास्त्र शिकलेली. मला उस्ताद म्हणायची. तिला सगळं शिकवायला मला फार वेळ लागला नाही, कारण शिकवण्याजोगं थोडंच राहिलं होतं. पहिल्या बोअरची सूचना तिने माझ्यासमोर बसून पाठवली. चहा निवायच्या आत पोच आली.

"आता?" तिने विचारलं.

"आता खलास. पण गावात जाऊन येऊ."

"नियमात तर नाही."

"नाही."

ती आली. झऱ्याकाठी एक म्हातारा पाण्यात पाय सोडून बसला होता. त्याने आम्हाला कॉफी दिली. यंत्र कुठे लावणार, किती खोल जाणार, हे तिने त्याला नीट समजावलं. माझ्या अरबीत ते कधी इतकं नीट उतरलं नव्हतं.

"पाणी जाईल का?" त्याने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"बोअर लांब आहे, जाऊ नये," मी म्हटलं. "पण छातीठोक सांगता येत नाही."

म्हाताऱ्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग तिला म्हणाला, "गेलं तर कुणाला सांगायचं?"

तिने स्वतःचा मोबाईल नंबर दिला. मी कधी माझा दिला नव्हता. मला ते सुचलंच नव्हतं.

आम्ही रत्नागिरीला आलो. मुलाला इथल्या कॉलेजात घातलं. बायकोने माहेरच्या ओळखीने शिकवण्या सुरू केल्या. लोक विचारत, तिकडची आठवण येते का? मी हो म्हणे, कारण तेच अपेक्षित असे.

एका दुपारी त्या मुलीचा मेसेज आला. बोअरमध्ये हवी तेवढी उष्णता लागली नाही, भोकाचं तोंड बुजवून रिग हलवला. झऱ्याला काही झालेलं नाही, म्हाताऱ्याने फोन करून सांगितलं. पुढच्या पट्ट्यातल्या गावांनाही ती भेटून येते. ऑफिस म्हणतं गरज नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी जाते.

"कोणाचा?" बायकोने विचारलं.

"ऑफिसचा."

मी 'छान' एवढंच लिहून पाठवलं. आणखी काही लिहावं म्हणून फोन हातात धरून बसलो.