मुठीतली लक्ष्मी

वेळेआधी जन्मलेली, जन्मल्यावर उशिरा रडलेली, दवाखान्यात पेटीत ठेवलेली बाळं धुळ्याच्या त्या बालोपचार केंद्रात आधी दिपमालाच्या चटईवर येतात. ती गुडघा हळूच सरळ करून बघते, कोपर छातीवरून पलीकडे किती जातं ते बघते. दोन्ही हात धरून बाळाला उठवते, तेव्हा मान मागे राहते की सोबत येते याकडे तिचे डोळे असतात. अंग फार लुळं किंवा फार ताठ लागलं, की बाळ आतल्या डॉक्टरांकडे जातं. बायका तिला प्रेमळ म्हणतात. बाळांच्या बाबतीत ते खरंच आहे. बाकी दिपमालाच्या पोटात एक राग होता, आणि तो तिने निगुतीने, मुरलेल्या लोणच्यासारखा जपला होता.

तिचं सासर पिंपळनेरचं. पहिला मुलगा पियुष जेमतेम दोन महिन्यांचा असताना सासू ताईबाई आल्यागेल्यासमोर त्याला काखेत धरून उभं करायची. पोरगं पाय ताठ करायचं. "हाई पोर्‍या पहेलवान शे," म्हणत ताईबाई त्याला गल्लीभर मिरवायची. दिपमालाला मात्र त्याचे अंगठे खटकायचे. सदा मुठीच्या आत. लंगोट बदलताना मांड्या फाकत नसत. तिने डॉक्टरांचं नाव काढलं, तर ताईबाईने तिला उभी झाडली. "मुठमा लक्ष्मी धरेल शे त्यानी. ती बी नको का तुले?" वर मनगटाला काळा दोरा बांधला आणि मूठ कुणी उघडायची नाही, अशी सगळ्या घराला ताकीद दिली.

दीड वर्षाचा झाला तरी पियुष बसेना. तेव्हा त्याच ताईबाईला सुनेची कूस खोटी दिसायला लागली. नवरा प्रेमराज मान खाली घालून बसला, आणि मायलेकांची धुळ्याला माहेरी बोळवण झाली ती कायमचीच. पियुषला त्या केंद्रात व्यायामाला नेता नेता दिपमाला तिथलंच काम शिकली, तिथेच लागली. आता पियुष शाळेत जातो, बोलतो, खदाखदा हसतो. पण चाकाच्या खुर्चीत बसून. मुठी तशाच आहेत.

यंदा श्रावणात कानबाईचा सण उरकला त्याच आठवड्यात चटईपुढे एक कोवळी बाई बाळ घेऊन बसली. ती रत्ना, प्रेमराजची दुसरी बायको. मागे ताईबाई होती. दिपमालाला बघताच ताईबाईचा चेहरा उतरला आणि ती रत्नाला ऊठ म्हणू लागली. रत्ना हलली नाही. बाळ वेळेआधी झालं होतं, पेटीत होतं, आणि दवाखान्यानेच इथे दाखवायला सांगितलं होतं.

दिपमालाने बाळ घेतलं. मनगटाला काळा दोरा होता. तो बघूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली. मांड्या फाकवायला गेली, तर त्या अडल्या. हात धरून उठवलं, तर मान मागेच पडली. दोन्ही अंगठे आत. दोन महिन्यांचा पियुष पुन्हा हातात आल्यासारखं तिला झालं.

आणि मग तो विचार आला. 'छान आहे, पहिलवान आहे,' एवढं म्हणायचं, बस. ताईबाई खुशीत घरी जाईल, गल्लीभर मिरवेल. वर्ष-दीड वर्षाने त्या घरालाही कळेल. फिटंफाट. दिपमालाला त्या विचाराची गोडी लागली, यात लपवण्यासारखं काही नाही. 

तेवढ्यात रत्नाने दबक्या आवाजात विचारलं, "ताई, अंगठा आतच राहस. काही वाईट शे का?"

हाच प्रश्न दिपमालाने त्या घरात किती वेळा विचारला होता. तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"शे," दिपमाला म्हणाली. "पण तू लवकर आणलंस."

डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं, आणि लगेच व्यायाम सुरू झाले. सूड मात्र दिपमालाने सोडला नाही. दोरा तिने ताईबाईलाच सोडायला लावला. मूठ उघडायची, तळवा चोळायचा, मांड्या मोकळ्या करायच्या, हे रोज आजींनीच करायचं आणि दर आठवड्याला धुळ्याला येऊन करून दाखवायचं, असं बजावलं. रत्नाच्या हातूनही ते झालं असतं. ते ती बोलली नाही. रोज ती मूठ उघडताना ताईबाईला पियुषची मूठ आठवावी, एवढंच तिला हवं होतं. आणि 'आजी' म्हणाली तीही कुठल्याही परक्या बाळाच्या आजीला म्हणावं तशी. ताईबाईच्या ते चांगलंच जिव्हारी लागलं.

तरी ती येत राहिली. दिवाळीनंतर बाळाचे अंगठे बाहेर राहू लागले, त्याने खुळखुळा धरला. रत्ना रडली. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर पियुष केंद्रावर आला होता. ताईबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीजवळ गेली, त्याची मूठ हातात घेतली आणि शिकवलं होतं तशी अंगठ्याच्या बुडापासून हळूहळू उघडू पाहू लागली. दिपमालाला थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही. ताईबाईचे डोळे भरले, तरी दिपमाला उभी राहून बघत होती. इतक्या वर्षांत तिला असं बरं वाटलं नव्हतं.

"जोर नका लावू, आजी," ती शेवटी म्हणाली. "ती आत्ते उघडस नही."