विपक्षाने मंजूर केलेला राजीनामा

"काहून?" हा विपक्षाचा पहिला शब्द असे. घंटा झाली, काहून? उद्या सुट्टी, काहून? शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून वर्गात 'काहून'चं "क्यों, मॅडम?" होई, पण मान तिरकी करून डोळे बारीक करायची तऱ्हा तीच. अकरावीत राज्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला तिनं हे तीनदा विचारलं, तेव्हा मॅडम हसून म्हणाल्या, "लो, आ गया विपक्ष!" विपक्ष म्हणजे हिंदीतला विरोधी पक्ष. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

आणि त्याच दिवसापासून मी तिच्यावर जळत आले. उगाच आडपडदा कशाला ठेवू? दहावीपर्यंत पहिला नंबर माझा. राज्यशास्त्र मी आरतीसारखं पाठ करी; मूलभूत अधिकार झोपेतून उठवून विचारा, क्रमानं म्हणून दाखवीन. विपक्षाला क्रम कधीच आला नाही. तरी मॅडम शिकवताना बघायच्या तिच्याकडे. उत्तरं माझ्याकडून घ्यायच्या आणि बोलत बसायच्या तिच्याशी.

ती शहराबाहेरच्या बीरगांवहून दोन ऑटो बदलून यायची. वडील कारखान्यात कामाला, मूळचे वर्ध्याकडचे. आम्ही ब्राह्मणपाऱ्यातले, भोसल्यांच्या काळापासूनचे रायपूरकर. आमच्या घरी मराठी मासिकं येत आणि "आपली मराठी शुद्ध" असा आईचा तोरा असे. तो माझ्यातही पुरेपूर उतरला होता. वर्गात मराठी आम्ही दोघीच. 'शिक्षा का अधिकार', म्हणजे शिक्षणाचा हक्क, हा विषय निघाला तेव्हा ती माझ्या कानात पुटपुटली, "मंजे आता मार खायाचाही हक्क भेटला." मी फिस्सकन हसले आणि मॅडमनी मला वर्गाबाहेर उभं केलं. विनोद तिचा, शिक्षा मला, तीही मराठीतली.

तिचा अभ्यास असा बसून कधी दिसलाच नाही. "सत्तेचं विकेंद्रीकरण मले पाठ नाही," ती म्हणायची, "पण नळाच्या अर्जासाठी मायसंग तीन खिडक्या फिरली, तवा समजलं ते काय असते." हेच तिनं मॅडमना हिंदीत सांगितलं, तर मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. माझं उत्तर कधी फळ्यावर गेलं नव्हतं. मी त्या दिवशी डबाही खाल्ला नाही.

बारावीत युवा संसद झाली. गुणांवर मी प्रधानमंत्री, ती विरोधी पक्षनेती, मॅडम अध्यक्ष. शाळेचा पाण्याचा कूलर महिनाभर बंद होता. विपक्षानं उठून एवढंच विचारलं, "कूलर कब चालू होगा?" मी पाणीपुरवठ्यावर चार पानं पाठ करून आले होते, ती सुरू केली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रधानमंत्रीजी ने जवाब याद किया है, सवाल सुना ही नहीं."

सगळं सभागृह हसलं. मॅडमही हसल्या, आणि ते मला सोसवेना. मी वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली, "मैं राजीनामा देती हूँ," आणि मॅडमच्या टेबलावर आपटली. हिंदीत त्याला इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे तिकडे समझौता, दोन्ही बाजूंनी राजी होऊन केलेली तडजोड. रागाच्या भरात माझी शुद्ध मराठी आडवी आली.

मॅडमनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "राजीनामा? किस बात का?" चूक माझ्या लक्षात आली. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. तेवढ्यात विपक्ष उभी राहिली. "अध्यक्ष महोदया, विपक्ष को राजीनामा मंज़ूर है. कूलर की अर्ज़ी दोनों पक्ष मिलकर देंगे." ती सरळ माझ्या बाकाशी आली आणि तिनं माझा हात हातात घेतला. टाळ्या पडल्या. आठवड्यात कूलर चालू झाला, आणि प्रार्थनेच्या वेळी माझ्या समंजसपणाचं कौतुक झालं.

मी मनातून खूश होते, आणि कौतुकापेक्षा वेगळ्याच कारणानं. तिला राजीनाम्याचा मराठी अर्थ ठाऊक नव्हता! घरात बोलण्यापुरती मराठी तिची. असले शब्द कुठून येणार? निकालात राज्यशास्त्रात ती माझ्या पुढे गेली, तेव्हाही मी याच समाधानावर तग धरला.

निकालानंतर ते लोक वर्ध्याला परत निघाले. निरोप द्यायला मी पहिल्यांदाच बीरगांवला तिच्या घरी गेले. ती भांड्यांचं गाठोडं बांधत होती. शेवटी एकदा तरी जिंकावं म्हणून मी बोलून गेले, "त्या दिवशी मी समझौता नव्हता केला. राजीनामा दिला होता, मराठीतला. तुला समजलंच नाही."

"मालूम होतं," ती गाठ आवळत म्हणाली. "माह्या बाबानं दोनदा देल्ला. एक मागच्या साली पहिल्या कारखान्यात, एक आता दुसऱ्या. म्हणून तं चाललो."

मी गाठोड्याचं दुसरं टोक धरलं. "मग तू तसं काहून केलं?"

"सरकारच उठून गेलं तं विपक्षानं प्रश्न कोणाले विचारावा?"

इतकं चांगलं वाक्य हिलाच कसं सुचतं, हा माझा तिथला पहिला विचार. रडू नंतर, परतीच्या ऑटोत आलं. आता मी स्वतः अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. विरोधी पक्षाचा धडा आला की तेच वाक्य हिंदीत फळ्यावर लिहिते. मुलं विचारतात, किसने कहा, मॅडम? मी म्हणते, मैंने.