नानासोची बिनगोळीची भाकणूक

जतकडचा नानासो म्हंजी मेंढरागत गरीब माणूस. बिरोबाच्या जत्रंत भाकणूक सांगायचा मान त्याच्या घराण्याचा. ढोल घुमला, भंडारा उधळला की देव अंगात यायचा, आन पाऊस कवा, पीकपाणी कसं, ह्ये नानासो सांगायचा.

धा वर्सामागं एका गोसाव्यानं त्याला भांगंची गोळी दिली. त्या जत्रंला देव असा आला म्हंता, नानासोला ढगातनं देवाची मेंढरं चालताना दिसली! तवापास्नं त्याच्या मनानं घेतलं, गोळीबिगर देव येत न्हाई. आदी जत्रंपुरती, मग दर ऐतवारी, मग तर नुसतं हात जोडायचं म्हटलं तरी गोळी.

बायकू रंगुबाई म्हणायची, "आवं, देव काय गोळीच्या वासावर येतूय व्हय?"

"तुला काय कळतंय गं? मला वाट दिसती."

"वाट दिसती, आन चुलीवरलं दूध उतू चाललंय ते दिसंना!"

गेल्या साली मेंढरं घिऊन दोघं उंब्रजकडं चाऱ्याला गेली. कळप हायवे वलांडत हुता, तवर नानासोला देवाचं घोडं दिसलं. निघाला की त्याच्यामागं! रंगुबाई एकलीच ट्रकाला आडवी झाली, तरी दोन कोकरं गेलीच. तिनं शिवी दिली न्हाई, रडली न्हाई. मेलेली कोकरं उचलून त्याच्या म्होरं ठिवली, बास. त्या दिसापास्नं नानासोनं गोळी सोडली.

पर देवाम्होरं बसलं की त्याला समदं कोरडं लागायचं. यंदा जत्रा आली तशी त्याची झोप उडाली. देव न्हाईच आला तर? घराण्याचा मान जायचा.

ढोल घुमलं. माणसं भंडाऱ्यानं पिवळी झाली. नानासो घटकाभर नुसता हुबा. शेवटाला म्हणला, "मंडळी, देव न्हाई आला. खोटं बोलवत न्हाई मला."

मग त्याच्या बापासंगं ढोल वाजीवलेला म्हातारा बिरदेवतात्या काठी टेकत म्होरं आला.

"आरं गड्या, तुजा बा तीन जत्रा असाच मुका हुबा ऱ्हायलेला. देव काय आपला सालगडी हाय व्हय, हाक मारली की यायला? हुबं ऱ्हायचं, येवडंच आपलं काम."

नानासो मटकन खाली बसला. "तात्या, मला कुणी सांगितलंच न्हाई की वो!"

"इच्यारलंस कवा?"

बाया खदाखदा हसल्या, रंगुबाई समद्यात मोठ्यानं. नानासो बी हसला, डोळं पुशीत. मग देवाम्होरं गेला आन थंड दगडावर कपाळ टेकून बसून ऱ्हायला. काय दिसलं न्हाई, काय ऐकू आलं न्हाई. रंगुबाईनं जेवाय हाक मारली, तवा कुटं उठला.